दोन डोळ्यांची दुर्बीण

पुण्यातील पर्वतीचे देऊळ पुष्कळांनी पाहिले असेल. ५ नोव्हेंबर १८१७ या दिवशी खडकीला इंग्रजांशी लढाई झाली. ती दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी या टेकडीवरून पाहिली, असे सांगतात. इतक्या लांबून नुसत्या डोळ्यांना काय दिसणार? धूर आणि धुरळा. आपला कोण, परका कोण, हे कळायला दुर्बीणच हवी.

पूर्वी दुर्बीण एका नळीची असे. आता दोन नळ्यांची मिळते. तिला बायनॉक्युलर म्हणतात. नळीच्या पुढच्या तोंडाला मोठे भिंग असते, डोळ्याशी लहान. मोठे भिंग उजेड गोळा करते. पण त्यातून चित्र उलटे पडते. माणूस खाली डोके वर पाय! ते सुलटे करायला आत काचेचे तिकोनी लोलक बसवतात. ही युक्ती पोरो नावाच्या इटलीच्या माणसाने १८५४ साली काढली.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. ८ म्हणजे आठपट. ८०० पावलांवरचे झाड १०० पावलांवर आल्यासारखे दिसते. ४२ ही मोठ्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. मग वीसपट का घेऊ नये? आपला हात थरथरतो ना, ती थरथरही वीसपट दिसते. हातात धरायला आठपटच बरी.

हिवाळ्यात लोणी काळभोरजवळ कवडीला जा. गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसे सकाळीच नदीकाठी दिसतील. उत्तरेकडून आलेले चक्रवाक पाहायला ती येतात. जवळ गेले की पक्षी उडतात, म्हणून लांबूनच पाहायचे. नदीत साऱ्या शहराची घाण वाहते, तरी बिचारे पक्षी येतात!

एक गोष्ट मात्र मुलांना आधी बजावा. सूर्याकडे दुर्बीण कधीही लावायची नाही, ग्रहणातसुद्धा नाही. भिंगाने ऊन एकवटून कागद पेटतो, हे आपण पाहिले आहे. तेच ऊन डोळ्यातल्या पडद्यावर पडते. पडद्याला दुखणे कळत नाही. भाजले तरी त्या क्षणी समजत नाही. अशी गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

रात्री खुशाल पाहावे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून लोकांना आकाशाची ओळख करून देते आहे. गुरू दिसत असेल तेव्हा कोपर भिंतीला टेकवा आणि दुर्बीण त्याच्यावर धरा. त्याच्या शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. कधी दोन, कधी तीन, कधी चार. ते गुरूचे चंद्र. १६१० साली गॅलिलिओने ते पाहिले, तेही एका नळीच्या दुर्बिणीतून.