मोबाईलवरचे जीवशास्त्र, घरातला धडा

बारावीनंतर शहरात राहणे परवडत नाही, म्हणून शिक्षण सोडू नका. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर २०१७ पासून जीवशास्त्रासह अनेक महाविद्यालयीन विषय मोफत शिकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असते.

मात्र नुसते पाहून जीवशास्त्र येत नाही. व्हिडिओ थांबवा, वही घ्या. आनुवंशिकतेच्या धड्याला सिकलसेलचे उदाहरण मांडा. आईवडील दोघेही वाहक असतील, तर चार चौकटींचा तक्ता सांगतो : प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, दोन्हींतून मुक्त असण्याची २५ टक्के. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची सुटली, असे नाही.

हा तक्ता घरच्यांनाही समजावा. लग्नाआधी रक्ततपासणी का करायची, हे त्यांना पटेल.

स्वाध्याय : पालकांपैकी एकच वाहक असेल तर? तक्ता मांडा.