पुराची होडी आणि गळतीची पूर्वतयारी

घनसावंगी तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी वाहते. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी येथील बंधारे याच पात्रातील. वर पैठणला १९७६ साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचे दरवाजे उघडले की काठच्या गावांना होडीची आठवण होते. २००६ व २०२५ साली हेच घडले. एरवी ती महिनोन्‌महिने उन्हात पडून असते. नोंदवहीत मात्र ‘सुस्थितीत’ असते!

लाकडी होडी वाळली म्हणजे फळ्या आक्रसतात व सांध्यांत फटी पडतात. मृगापूर्वीच त्यांत तेल व राळेत भिजवलेला कापूस भरावा. तो फार ठासू नये. फळ्या पाण्याने फुगल्या की तो बाहेर लोटला जातो. नंतर होडी काही दिवस उथळ पाण्यात मुरू द्यावी. फायबरच्या होडीचे तळाचे बूच तपासावे. रबरी होडीचे कप्पे रात्रभर फुगवून ठेवावेत. सैल पडलेला कप्पा सकाळी हातालाच कळतो.

तरीही भर पुरात एखादा ओंडका तळाला भोक पाडू शकतो. पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर एक इंच व्यासाचे भोक पडल्यास मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते, म्हणजे दहा लिटरच्या चार बादल्या. एक माणूस ते काही वेळ उपसू शकेल, पण भोक दोन इंचांचे असेल तर पाणी चौपट येते आणि बादली हरते. यासाठी निमुळत्या लाकडी खुंट्या, जुनी कापडे, हातोडी आणि दोरीने बांधलेल्या दोन बादल्या होडीतच असाव्यात. कापड गुंडाळलेली खुंटी आतून ठोकावी. फळीच फुटली असल्यास घोंगडी बाहेरून लावावी. पाण्याचा दाबच ती आत ओढून धरतो.

साचलेल्या पाण्याचा खरा धोका वजनापेक्षा त्याच्या हिंदकळण्यात आहे. होडी जराशी कलली की सारे पाणी त्याच बाजूला धावते. अशा वेळी कोणी उभे राहू नये.

दाटीत मात्र खुंटी ठोकायलाही जागा उरत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली होडी कृष्णेच्या पुरात उलटली व अनेकांचे प्राण गेले. म्हणून होडी किती माणसे नेऊ शकते हे पुरात ठरवू नये. मे महिन्यात, शांत पाण्यात, वाळूची पोती चढवून होडी कोठवर बुडते ते पाहावे आणि सुरक्षित पातळीची लाल रेघ बाहेरून ओढावी. ती काठावरील गर्दीलाही दिसते, नावाड्याला हुज्जत घालावी लागत नाही.