सर्व्हर बंद पडला, हे ठरते कसे?

पावसाळ्यात भुशी धरणाकडे गर्दी लोटली की लोणावळा-मावळातील आपल्या लॉजवाल्या बंधूंच्या वेबसाइटवरही ताण येतो. हा भार अनेक सर्व्हरांवर वाटून देणारी यंत्रणा म्हणजे लोड बॅलन्सर. तो ठराविक वेळाने प्रत्येक सर्व्हरची चौकशी करतो. मुदतीत उत्तर आले नाही, तर ती चाचणी नापास.

मात्र एका चुकलेल्या उत्तरावर निकाल लागत नाही. खबरीची आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातची शिकवण व्यापारातही खरी. एचएप्रॉक्सी या प्रणालीत चाचणी लावली आणि वेगळे आकडे दिले नाहीत, तर ती दर २ सेकंदांनी होते. सलग ३ नापास झाल्या की नवे ग्राहक पाठवणे थांबते. सलग २ पास झाल्या की पुन्हा सुरू होते.

मुदत फार आखूड ठेवल्यास केवळ मंदावलेला सर्व्हरही बाद होतो आणि त्याचा भार पडून उरलेलेही कोसळतात. फार लांब ठेवल्यास ग्राहक बंद दारावर जातात. शिवाय साधी चाचणी फक्त जोडणी लागते का, एवढेच पाहते. दुकान उघडे, पण गल्ल्यावर कोणी नाही, हे तिला कळत नाही.

म्हणून आम्ही सुचवतो, वेबसाइट करून देणाऱ्याला हंगामापूर्वीच विचारा: चाचणी कशाची, किती वेळाने आणि किती वेळा?