वर्षाला एक गिल्डर

गरिबांसाठी बांधलेले घर म्हटले की आपल्याला धर्मशाळा आठवते. पण धर्मशाळा वाटसरूची. दोन रात्री झाल्या की पथारी गुंडाळायची. युरोपात मध्ययुगापासून दानशूरांनी गरिबांना कायम राहण्यासाठी घरे बांधली. इंग्लंडात विंचेस्टर येथे बिशप हेन्रीने १२ व्या शतकात १३ गरीब पुरुषांसाठी स्थापिलेले सेंट क्रॉस आजही चालू आहे. तेथील वृद्ध संस्थेचा काळा किंवा लाल झगा घालतात. आज तो मानाचा वेश असेलही. पण कपड्यावरून माणसाचे दारिद्र्य ओळखू यावे, हे मला रुचत नाही.

म्हणून मला जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरातली ‘फुगेराय’ वसाहत अधिक विचार करण्याजोगी वाटते. याकोब फुगर हा मोठा सावकार, चांदी-तांब्याच्या खाणींचा धनी. १५१९ साली पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळाले ते बरेचसे याच्या कर्जावर! त्याने १५२१ मध्ये दानपत्र करून ही वसाहत गावातील कष्टकरी, पण अडचणीत आलेल्या कारागिरांना व मजुरांना दिली. भिकाऱ्यांना प्रवेश नव्हता. वर्षाचे भाडे एक राइनिश गिल्डर. तो आकडा पुढे कधी वाढलाच नाही. आजच्या चलनात ०.८८ युरो.

एवढे क्षुल्लक भाडे घ्यायचेच कशाला, असे प्रथम वाटते. माझ्या वसतिगृहाची फीही नाममात्र आहे. ती भरल्यावर वडिलांनी पावती नीट घडी घालून खिशात ठेवली होती, ते मला आठवले. घरेही त्याच विचाराची. दुमजली घराच्या खालच्या व वरच्या बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारे वेगवेगळे दार. घंटा ओढण्याच्या मुठी निरनिराळ्या आकाराच्या, म्हणजे अंधारातही हाताला आपले दार कळावे. संगीतकार मोझार्टचा पणजा, गवंडी फ्रान्झ, येथेच राहिला.

मात्र दुसरी अट आहे. रहिवासी कॅथलिक हवा आणि त्याने फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या. पापक्षमापत्रांचा पैसा रोमला पोचविणाऱ्या पेढीच्या मालकाने आपल्या आत्म्याचीही तजवीज केली, ती गरिबांच्या तोंडून! गिल्डर देऊन माणूस भाडेकरू होतो. प्रार्थनेने तो पुन्हा आश्रित होतो, असे माझे मत आहे.

फेब्रुवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यात वसाहतीचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा बांधला गेला. आज तेथे सुमारे १५० माणसे राहतात. रात्री दहाला दरवाजे बंद होतात, आणि उशिरा येणाऱ्याला पहारेकऱ्याच्या हातावर नाणे ठेवावे लागते.