अक्षराच्या मागचा हात

आपल्याकडे वळणदार अक्षराला फार मान आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. त्यामुळे ज्याचे अक्षर वाईट तो आळशी, असा निवाडा आपण सहज देऊन टाकतो. मीही दिला होता.

माझा धाकटा भाऊ तेव्हा तिसरीत होता. पाढे घडाघडा म्हणायचा. वहीत मात्र दुसऱ्याच ओळीत रेघ सोडून खाली घसरायचा. शिरोरेषा कधी अक्षराच्या डोक्यावरून, तर कधी पोटातून जाई. पेन्सिल इतकी दाबायचा की मागच्या पानावर अक्षरे उमटत. वडील हमाली करतात, आई विड्या वळते; तिला सहीपुरते लिहिता येते. त्यामुळे त्याचा अभ्यास माझ्याकडे होता. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली आहे. हे लिहिताना संकोच वाटतो, पण लपवून पुढचे सांगणे बरे नव्हे.

एके दिवशी तो म्हणाला, "दादा, मी शाळेत जात नाही. आईसंगं विड्या वळतो." आईने हसत त्याच्या हाती एक पान दिले. त्याला ते गुंडाळता येईना, दोरा तर बांधताच येईना. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आळशी न्हाई त्यो. बोटातच कायतरी हाय."

दिवाळीच्या सुट्टीत मामाने आम्हांला पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात नेले. नावावरून मला वाटले, येथे धंदा शिकवत असावेत! रोजच्या जगण्यातली कामे ज्याची त्याला करता यावीत म्हणून दिलेले उपचार, असा त्याचा अर्थ आहे. आणि लिहिणे हे मुलाचे रोजचे कामच. भारतात या विद्येचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांच्या पुढाकाराने 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. बाई जन्माने अमेरिकन. फलटणची एक मराठी शाळा आज त्यांच्या नावाने चालते.

तिथल्या मॅडमनी आधी वही उघडलीच नाही. सदऱ्याची बटणे लावायला सांगितली, हातापायांवर रांगायला लावले, आकृत्या काढून घेतल्या. मूल साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्या वर्षी अधिकचे चिन्ह, पाचव्याच्या सुमारास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण काढू लागते. भावाचा त्रिकोण आठव्या वर्षीही मिटत नव्हता. त्याचा खांदा आणि मनगट स्थिर राहत नव्हते. म्हणून सगळा जोर बोटांवर येई आणि बोटे दुखत. बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत, त्यामुळे अंगही डगमगे. पायांखाली एक खोके ठेवताच तो ताठ बसला. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती!

घरी करायला दिले तेही साधेच. कणीक मळणे, कपड्यांचे चिमटे लावणे, भिंतीवर टांगलेल्या पाटीवर उभ्याने लिहिणे (त्याने मनगट आपोआप मागे वळते), आणि लांब पेन्सिलीऐवजी बोटभर तुकडा. तुकडा मुठीत धरता येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. आम्ही मात्र असे तुकडे टाकून देऊन त्याला नवी पेन्सिल देत होतो. पण नुसती कणीक मळून अक्षर सुधारत नाही, हे मॅडमनी दोनदा बजावले. रोज थोडा वेळ प्रत्यक्ष लिहायला हवेच. तेही एका वळणाची अक्षरे एकत्र घेऊन, जसे व, ब, क.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे, आणि तिच्यात लेखनाची अडचणही येते. आपल्यापैकी बरेच जण पुढे शिक्षक होणार, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

भाऊ आता चौथीत आहे. अक्षर मोत्यासारखे नाही. एका पानाला त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि परीक्षेत शेवटचा प्रश्न राहतो तो राहतोच. पण रेघ सोडत नाही, आणि शाळा सोडण्याचे त्याने पुन्हा काढलेले नाही.