सर्कशीतला माणूस आणि चित्रकार

'सर्कशीचं चित्र काढा' असं सांगितलं की कागदावर काय उतरतं? तंबू, झुला, हत्ती आणि लाल नाकाचा, कानापर्यंत हसणारा जोकर. त्यात चूक काही नाही. पण आधुनिक चित्रकलेतली सर्कस पाहायला गेलात, तर हसणारा विदूषक शोधत फिरावं लागतं. तो गेला कुठे, ते आज पाहू.

पॅरिसच्या माँमार्त्र भागात 'सर्क फर्नांदो' नावाची सर्कस होती. पुढे तिचं नाव 'मेद्रानो' झालं. (आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली ती १८८० साली, म्हणजे साधारण याच सुमारास.) त्याच भागात स्वस्त भाड्याच्या खोल्यांत चित्रकार राहायचे. संध्याकाळी काम संपलं की सर्कस जवळच.

एदगार दगाने १८७९ मध्ये इथली कसरतपटू मिस ला ला रंगवली. दातांनी दोर पकडून ती छताकडे चालली आहे. चित्रात प्रेक्षक नाहीत, रिंगण नाही. खालून मान वर करून पाहणारे आपणच. दगाला इथे मुख्यतः शरीराचा तोल आणि छताच्या तिरक्या रेषा हव्या होत्या, असं मला वाटतं.

जॉर्ज सरा याचं 'सर्कस' हे चित्र १८९१ चं. छोट्या छोट्या रंगबिंदूंनी रंगवलेलं. घोड्यावर उभी राहिलेली मुलगी, चाबूक घेतलेला रिंगमास्टर, आणि अगदी पुढे आपल्याकडे पाठ केलेला विदूषक. रिंगणात सगळी धावपळ, पण बाकांवरचे लोक कसे ताठ बसलेत बघा! हे चित्र अपुरंच राहिलं. त्याच वर्षी, वयाच्या ३१ व्या वर्षी, सरा गेला.

तुलूझ-लोत्रेक तर १८९९ मध्ये इस्पितळात होता. तिथे बसून त्याने नुसत्या आठवणीतून सर्कशीची चित्रं काढली. त्यातल्या अनेक चित्रांत प्रेक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. खेळ चालू आहे, बघायला कुणी नाही.

आता ज्या चित्रापाशी थोडं थांबायचं आहे, ते पाब्लो पिकासोचं, १९०५ सालचं. फ्रेंचमध्ये त्याच्या नावात 'साल्तँबांक' असा शब्द आहे. म्हणजे तंबूवाले मोठे कलावंत नव्हेत, तर गावोगाव फिरून, मिळेल त्या चौकात कसरती करून पोट भरणारे. आपल्या जत्रेत दोरीवर चालणारे डोंबारी आठवा. तेच पोट, तीच पायपीट. चित्र प्रचंड आहे, दोन्ही बाजूंनी दोन मीटरांहून मोठं. हल्ली ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत असतं.

त्यात सहा माणसं आहेत. चौकटी-चौकटींचा पोशाख घातलेला उंच हार्लेक्विन, लाल कपड्यातला जाडजूड विदूषक, दोन मुलगे, फुलांची टोपली घेतलेली लहान मुलगी, आणि उजव्या कोपऱ्यात सगळ्यांपासून लांब बसलेली एक बाई. आता एक करा. प्रत्येकाची नजर कुठे जाते ते बोटाने दाखवायचा प्रयत्न करा. कुणाचीच नजर कुणाला भेटत नाही! एका बिऱ्हाडातली माणसं, पण प्रत्येकजण एकटा. मागे घर नाही, झाड नाही, तंबूही नाही. नुसती मातकट, उजाड जमीन. खेळ संपला आहे की अजून व्हायचा आहे, हेही कळत नाही.

त्या हार्लेक्विनच्या चेहऱ्यात पिकासो स्वतः दिसतो, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि मला वाटतं, हसरा विदूषक कुठे गेला याचं उत्तर इथेच सापडतं. पंचविशीच्या आतला हा मुलगा स्पेनमधून परक्या शहरात आलेला, खिसा जवळजवळ रिकामा. आठवड्यातून कितीतरी वेळा तो मित्रांबरोबर मेद्रानोत जायचा. लोकांना रिझवायचं, टाळ्या घ्यायच्या आणि उद्या कुठे जायचं याची चिंता करायची, हे कसरतवाल्याचं जगणं त्याला ओळखीचं वाटलं असणार. हे चित्र त्याने पुन्हा पुन्हा बदललं. एक्स-रे तपासणीत खालची आधीची रूपं दिसतात. १९०८ मध्ये ते एक हजार फ्रँकला विकलं गेलं आणि १९१४ च्या लिलावात अकरा हजारांच्या वर गेलं. चित्रातल्या माणसांच्या वाट्याला अर्थात त्यातलं काही आलं नाही.

याच काळात जॉर्ज रुओ विदूषकांकडे वळला. लहानपणी तो चर्चच्या रंगीत काचा दुरुस्त करायचं काम शिकला होता. त्याच्या चित्रांतल्या जाड काळ्या रेषा पाहिल्या की त्या काचांमधल्या शिशाच्या पट्ट्या आठवतात. विदूषक त्याला कसा भेटला, हे त्याने एका पत्रात लिहिलं आहे. रस्त्याकडेला फिरत्या कलावंतांची गाडी थांबलेली होती, दमलेला घोडा चरत होता, आणि एक म्हातारा विदूषक गाडीपाशी बसून आपल्या चमचमत्या रंगीबेरंगी पोशाखाला टाके घालत होता.