जुनी मस्टँग पाळताना

जुन्या अमेरिकन गाड्यांचे पार्ट आता कुठे मिळायला, असं भारतातले मित्र मला हमखास ऐकवतात. १९६५च्या फोर्ड मस्टँगपुरतं तरी हे साफ चूक आहे. दाराच्या रबरापासून पत्र्याच्या अख्ख्या सांगाड्यापर्यंत बहुतेक सगळं अमेरिकेत आजही नवं मिळतं, तेही घरपोच. खरी गोची तिथेच आहे. पार्ट इतके सहज मिळतात की गाडीला नेमकं काय झालंय हे शोधायच्या आधीच माणूस ऑर्डर देऊन मोकळा होतो. माझ्या गाडीवर हा प्रयोग एका गॅरेजवाल्याने केला, अर्थात माझ्या पैशाने.

गाडी २८९ घनइंचांच्या व्ही-८ इंजिनाची, दोन बॅरलचा कार्बुरेटर असलेली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायची. उन्हाळ्यात हायवेवर थोडी पळवून सिग्नलला थांबलं की गचके खायची आणि बंद पडायची. मग कितीही सेल्फ मारा, उपयोग शून्य. पाऊणएक तास थंड होऊ दिली की जणू काही झालंच नाही, अशी निघायची.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला : व्हेपर लॉक. म्हणजे नळीतलं पेट्रोल उष्णतेने उकळतं आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. कारण पटण्यासारखं होतं. इथल्या पेट्रोलमध्ये सहसा दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते लवकर वाफाळतं. आधी पेट्रोलपंप बदलला, मग कार्बुरेटर खोलून नवं किट टाकलं. शेवटी त्याने पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले. हसू नका, हा इथला जुना तोडगा आहे आणि त्यावर श्रद्धा असलेली माणसं अजून भेटतात. बिल वाढत गेलं, गाडी मात्र सिग्नलला बंद पडायची ती पडतच राहिली.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. त्यांची उभी हयात गाड्या दुरुस्त करण्यात गेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘‘ती बंद पडली तेव्हा तिथल्या तिथे काय पाहिलं?’’ काहीच नाही. टो करून गॅरेजमध्ये नेईपर्यंत इंजिन थंड व्हायचं, गाडी ठणठणीत चालायची आणि मग ज्याला जे वाटेल ते निदान. गरम झाल्यावरच उमटणारं दुखणं गाडी गरम आणि बंद असतानाच पकडावं लागतं, रस्त्याच्या कडेला, त्या दहा-पंधरा मिनिटांत.

पकडायचं ते असं. गाडी वाहतुकीतून बाजूला घ्या, इंजिन बंदच ठेवा. एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बुरेटरच्या तोंडात वरून बघा आणि हाताने थ्रॉटल झटकन उघडा. पेट्रोलच्या दोन बारीक धारा उडताना दिसल्या तर पेट्रोल पोचतंय, व्हेपर लॉकची कथा तिथेच मिटली. (सेल्फ मारताना मात्र तोंड तिथे नेऊ नका. इंजिनाने उलटा भडका दिला तर भुवया जातील.) मग झाकण परत बसवा, कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड वायर काढून तिला स्पार्क टेस्टर लावा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठणठणीत निळी ठिणगी दिसायला हवी. माझ्या गाडीत पेट्रोलच्या धारा छान उडत होत्या आणि ठिणगी नव्हतीच.

दोषी निघाला डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर. चेतक किंवा पद्मिनी चालवलेल्यांना हा प्राणी नव्याने सांगायला नको. पॉलिश पेपरने पॉइंट घासलेले हात अजून आहेत. पॉइंट उघडताना होणारी ठिणगी कंडेन्सर शोषून घेतो, म्हणून कॉइलमधला प्रवाह झटकन तुटतो आणि प्लगला जोर मिळतो. आतलं इन्सुलेशन कमजोर झालं की कंडेन्सर थंड असताना चालतो आणि तापला की दगा देतो. किंमत काही डॉलर. त्याच्या पायी पंप आणि कार्बुरेटर हकनाक खोलले गेले. आणखी एक सांगतो : हल्ली नवे मिळणारे कंडेन्सर सगळेच भरवशाचे नसतात. चालणारा जुना हाताशी आला तर फेकू नका, डिकीत ठेवा. नवे पॉइंट बसवताना फट ०.०१७ इंच ठेवा आणि कॅमवर ग्रीसचा ठिपका लावा, नाहीतर पॉइंटची टाच झिजून फट बुजते आणि पुन्हा तेच रडगाणं.

या गाडीची आणखी दोन लक्षणं अशीच चकवतात. किल्ली फिरवून धरली आहे तोवर इंजिन पेटतं आणि किल्ली सोडताच विझतं, असं झालं तर कॉइल बदलू नका. सेल्फ मारताना कॉइलला बॅटरीचा थेट पुरवठा मिळतो, एरवी तो एका गुलाबी रेझिस्टन्स वायरमधून येतो. बहुधा ती वायरच तुटलेली असते. दुसरं, पेट्रोल आणि तापमान, दोन्ही काटे एकाच वेळी टोकाला जाऊन बसले तर रेडिएटरवाल्याकडे धावू नका. दोन्ही मीटरना डॅशबोर्डमागचा एकच छोटा रेग्युलेटर सरासरी पाच व्होल्ट पुरवतो. तो बिघडला किंवा त्याचं अर्थिंग गेलं की दोन्ही काटे मिळून खोटं बोलतात. एकच काटा चुकत असेल तर मग त्याचा सेंडर बघा.

आता पार्ट. कागदावर ‘१९६५’ असणं पुरेसं नाही. मस्टँग विक्रीला आली १७ एप्रिल १९६४ रोजी, आणि त्या पहिल्या उन्हाळ्यातल्या गाड्यांचीही नोंद १९६५ म्हणूनच झाली. हौशी लोक त्यांना साडेचौसष्टची गाडी म्हणतात. त्यांच्यात डायनामो आहे, नंतरच्या गाड्यांत अल्टरनेटर. त्यांच्या व्ही-८ला गिअरबॉक्सचं बेलहाउसिंग पाच बोल्टांवर बसतं, ऑगस्ट १९६४ नंतरच्यांना सहा. विकणारा ‘सगळं सारखंच’ म्हणाला तरी भोकं स्वतः मोजा.

गाडीचा नंबर बॉनेटखाली, डाव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. माझा ‘५टी०७सी’ने सुरू होतो : ५ म्हणजे १९६५, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन बॅरलचा २८९. आणि टी म्हणजे मटचन कारखाना. तो प्रत्यक्षात एडिसनमध्ये रूट १वर होता, २००४मध्ये बंद झाला. आज ज्या एडिसनमध्ये आपली मंडळी पोहे आणि गोडा मसाला घ्यायला येतात, तिथेच माझी गाडी जन्मली, याचं मला उगाचच कौतुक आहे.

इंजिनावर ‘सी५एई’ अशी अक्षरं दिसली म्हणून इंजिन बदललेलं आहे असं समजू नका. ‘सी५’ म्हणजे १९६५ आणि ‘ए’ म्हणजे मोठी फोर्ड, पण तोच ब्लॉक मस्टँगमध्येही बसवला जाई. ओतीव लोखंडावरचा नंबर आणि कॅटलॉगमधला पार्ट नंबर वेगवेगळे असतात. ऑर्डर देताना पहिला सांगितलात तर भलताच डबा घरी येतो.

पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलचा आणि ऑक्टोबरात भरणारा हर्शीचा, हे जुन्या पार्टचे बाजार एकदा तरी बघावेत. जाताना जुना पार्ट सोबत न्या, फोटो नको. तिथे बंद डब्यातला, फोर्डचा त्या काळचा कोरा माल मिळतो. क्रोमची पट्टी, दाराची मूठ, लोखंडी ब्रॅकेट असेल तर डोळे मिटून घ्या. रबर मात्र कितीही कोरं दिसो, घेऊ नका. साठ वर्षं कपाटात पडलेला पंपाचा पडदा आजच्या इथेनॉलपुढे टिकत नाही. पेट्रोलची नळी आजचीच घ्या आणि तिच्यावर ‘३०आर९’ छापलेलं आहे ना ते बघा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुन्याचा हट्ट मी सोडला. १९६६पर्यंतच्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडरचा कप्पा एकच. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७पासून दोन कप्पे आले. जुन्या गाडीत दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवायचं किट मिळतं, ते बसवून घ्या. शोमध्ये परीक्षकाने गुण कापले तर कापू देत.

स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर, कार्बुरेटर घेताना दुकानदार अनामत रक्कम लावतो आणि जुना पार्ट परत दिला की ती परत करतो. ते पैसे लगेच सोडवायची घाई नको. जुन्या कार्बुरेटरवरचा पत्र्याचा छोटा बिल्ला आधी काढून घ्या, नव्या-जुन्याची भोकं आणि दांडे शेजारी ठेवून ताडून बघा. मुदत असेल तोवर जुना पार्ट फळीवर राहू द्या आणि भर उन्हात एकदा हायवेवरून सिग्नलपर्यंत गाडी नेऊन आणा.